खलबत्त्यातले पांढरे दाणे

१

धावजी राठोडांच्या खलबत्त्यात पांढरे दाणे सापडले आणि नऊ वाजायच्या आत सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं, की म्हाताऱ्याला कोणीतरी विष घातलं.

कापसाची ती वर्षंच तशी होती. दिग्रसमध्ये काय किंवा खेड्यांत काय, माणूस जमिनीवर पडलेला दिसला की लोक नाडी बघायच्या आधी तोंडाचा वास घ्यायचे.

दीपमाला तेव्हा समोरच्या मेडिकलचं शटर वर करत होती. दुकान बापूजींचं, पण बापूजी अकराशिवाय यायचे नाहीत, त्यामुळे सकाळ तिची एकटीची. यवतमाळला बी.फार्म. करून ती इथं लागली त्याला पाच महिने झाले होते. खोली भाड्याची, घर राळेगावला, आणि दिवसभरात औषधांशिवाय दुसऱ्या विषयावर बोलणारं माणूस जवळजवळ नाही. म्हणून असेल, औषधांबद्दल मात्र ती भरभरून बोलायची. गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी गोळी कशी काम करते ते कागदावर चित्र काढून सांगायची. बापूजी म्हणायचे, "पोरी, दुकान आहे हे. शाळा नाही."

डबेवाल्या नलूबाईंची हाक आली तशी ती धावत गेली.

धावजी मोरीच्या उंबऱ्यापाशी आडवे पडले होते. उजवा पाय विचित्र वळलेला. कपाळाला खोक. डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नाही. कोपऱ्यात पानाचा डबा, आणि त्याच्याशेजारी पितळी खलबत्ता. दात गेल्यापासून म्हातारा पान कुटून खायचा, हे गल्लीला माहीत होतं. खलाच्या तळाशी हिरव्या चोथ्यात पांढरे बारीक दाणे अडकले होते. काही अख्खे, काही भरडलेले.

"दाणेदार औषध हाय हे," नलूबाई म्हणाल्या. "कपाशीच्या बुडाले टाकतेत ते. माह्या भावानं हेच खाल्लं होतं."

दीपमालानं वाकून वास घेतला. पानाचा वास, काताचा वास. बाकी काही नाही. ज्या दाण्यांबद्दल नलूबाई बोलत होत्या त्यांचा भपका पोत्याबाहेरूनही डोक्यात जातो, आणि ते असे मोत्यासारखे गोल पांढरे नसतात. तिनं खल तसाच कागदात गुंडाळला.

मान वर केली तेव्हा दारात उकंडाकाका उभे होते. धावजींचे शेजारी, जिनिंग कारखान्यातले तीस वर्षांचे सोबती. हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी खलाकडे पाहिलं, धावजींकडे पाहिलं, आणि तांब्या खाली न ठेवता तसेच उभे राहिले.

"काका, सकाळी तुम्ही आलते का इकडं?" दीपमालानं विचारलं.

"आलतो," उकंडाकाका म्हणाले. "साडेसहाले."

"काहून?"

ते तांब्या घेऊन तसेच मागं फिरले.

२

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि रात्रभर जागलेल्या होत्या.

"रक्तदाब ऐंशीच्या आत आहे," त्या म्हणाल्या. "खुबा मोडलाय. डोक्याला मार आहे, म्हणून शुद्ध पुरती नाही. पण बाहुल्या ठीक आहेत, तोंडाला फेस नाही, घाम नाही. फवारणीच्या औषधाचं एकही लक्षण दिसत नाही, आणि बाहेर सगळे सांगतायत विषच आहे."

"मग उतारा दिला का?"

"तीच पंचाईत आहे. विष असेल तर उतारा थांबवून चालत नाही. नसेल तर तो उतारा लघवी अडवतो, आणि यांचं ओटीपोट आधीच दगडासारखं झालंय. यांना काही आजार होता? लघवीचा त्रास? कोणतं औषध चालू होतं?"

"दुकानातून फक्त रक्तदाबाची गोळी न्यायचे. सकाळची एक. बाकी काही नाही."

"सलाईन लावलंय, नळी घालतेय. दर पाच मिनिटांनी बघीन. एक जरी लक्षण दिसलं तर मी उतारा देणार, लघवीचं काय व्हायचं ते होवो. त्याच्या आत कळलं की पोटात काय गेलंय, तर बरं."

बाहेर बाकावर जमादार रामराव वहीत लिहीत होते. पोट सुटलेला, शांत माणूस. धावजींच्या मुलाला पुण्याला फोन त्यांनीच केला होता.

"तो रात्रीपर्यंत येते," ते म्हणाले. "मी उकंडाले बसवून ठेवलं त्याच्याच ओट्यावर. बोलत नाही बुढा. साडेसहाले गेलतो म्हणते, कायले गेलता ते सांगत नाही. माणूस मेला तर मले त्याले आत टाकाच लागन, मॅडम."

"त्यांचं वैर नव्हतं, जमादारसाहेब. रोज माझ्या दुकानापुढच्या बाकावर बसतात दोघं. एक चहा, दोन कप. बिस्कीटसुद्धा मोडून खातात."

"मांगच्या रविवारी मोडून नाही खाल्लं," रामराव म्हणाले. "नलूबाईले इचारा."

३

नलूबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. दोन्ही म्हाताऱ्यांना डबा त्यांचाच. त्यांची मुलगी खुशी दिवाळीनंतर बाळंतपणाला आलेली, सातवा महिना लागलेला, दारात भाजी निवडत बसली होती.

"भांडण झालं ना बाप्पा," नलूबाई म्हणाल्या. "ओट्यावरच. उकंडा म्हणे, 'किती दिवस देऊ तुले? मले पुरत नाही. आता बस झालं.' धावजी म्हणे, 'नको देऊ. मरू दे मले.' अन् मंग सहा दिवस एकमेकाचं तोंड पाह्यलं नाही. मी तं समजलो, पैशाचं हाय."

"पैसे असं म्हणाले ते?"

नलूबाईंचा हात कणकेत थांबला. "नाही. तसं नाही म्हटलं."

"सहा दिवसांत आणखी काही वेगळं दिसलं?"

"वेगळं काय. उकंडाची कडी वाजली नाही, येवढंच. कव्हापासून रातभर कडी वाजे त्याची. पाच-पाच डाव उठे. आमची भिंत एकच हाय ना. या हप्त्यात चूप."

दीपमालानं हे मनात नीट मांडून ठेवलं. उकंडाकाका आषाढात प्रथम दुकानात आले होते. प्रोस्टेटची गाठ वाढलेली, डॉक्टरांनी लिहून दिलेली दोन औषधांची एकत्र कॅप्सूल. पहिल्या पंधरवड्यात आराम पडला, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मग भाद्रपदापासून ते पुन्हा अस्वस्थ दिसू लागले. चहा संपायच्या आत बाकावरून दोनदा उठायचे. पण कॅप्सूल दर महिन्याला बरोबर तारखेला न्यायचे. एकही दिवस चुकला नव्हता. औषध चालू असताना त्रास परत आला, आणि मित्राशी भांडण झाल्यावर थांबला. हे कसलं गणित?

"ताई, हे कशाचं असते?" खुशीनं विचारलं. तिच्या हातात पावडरची रिकामी डबी होती. झाकण उघडून तिनं आतलं दाखवलं. "काकाचा ओटा झाडताना भेटते मले. आल्यापासून जमवून राह्यली. बाळाच्या खुळखुळ्यात टाकीन म्हटलं."

डबीत कॅप्सूलची रिकामी टरफलं होती. अर्धी टोपी लाल, अर्धी पिवळी.

"आधी हे खाली ठेव," दीपमाला म्हणाली. "आणि साबणानं हात धू. आत्ताच."

"काहून? रिकामं तं हाय."

"सांगते नंतर. धू आधी. खुळखुळ्यात नाही टाकायचं हे, आणि यातलं औषध तर तू शिवायचंसुद्धा नाही."

खुशी घाबरून मोरीकडे गेली. दीपमालानं कागदाच्या टोकानं टरफलं मोजली. बावीस.

"रोज सापडतं?" तिनं मोरीकडे बघत विचारलं.

"रोज एक," मोरीतून आवाज आला. "मंधात बंद झालते. रविवारपासून एकबी नाही. आज सकाळी पुन्हा भेटलं."

४

उकंडाकाका आपल्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. समोर एक हवालदार उन्हात पाय सोडून पेपर वाचत होता. गल्लीतली माणसं पलीकडच्या बाजूनं जात होती. एरवी ज्या ओट्याला वळसा घालायचं कोणाला सुचलं नसतं, त्याला आज सगळे वळसा घालत होते.

दीपमाला शेजारी बसली. बाकावर धावजी बसायचे तसं मधे अंतर ठेवून.

"काका, तुमचा औषधाचा डबा बघू का?"

त्यांनी मानेनंच आत दाखवलं. खोलीत खाट, बाबासाहेबांची तसबीर, तिच्यापुढे विझलेली मेणबत्ती. खिळ्याला जिनिंगचा जुना सुती पट्टा. कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती. शेडमध्ये आता सोयाबीनची पोती ठेवत. डब्यात कॅप्सूलचं पाकीट होतं. तिनं तारीख मांडली. रोज एक याप्रमाणे जितक्या कमी व्हायला हव्यात तितक्याच झाल्या होत्या. चोरी नव्हती, चूक नव्हती.

आणि तरीही काहीतरी साफ चुकत होतं.

ती खाटेच्या कडेवर बसली. गिळलेली कॅप्सूल पोटात विरघळते. तिचं टरफल ओट्यावर पडत नाही. ज्या दिवशी टरफल सापडलं, त्या दिवशी कॅप्सूल कोणीतरी उघडली होती. ज्या सहा दिवसांत टरफल नव्हतं, त्या सहा दिवसांत उकंडाकाकांनी ती अख्खी गिळली होती, आणि त्याच सहा दिवसांत त्यांची कडी वाजली नव्हती. आज टरफल आहे, आणि धावजी पडलेत.

किती दिवस देऊ तुले? मले पुरत नाही.

तिनं पाकिटातली एक कॅप्सूल काढली, कागद पसरला, आणि लाल टोपी पिवळीपासून अलगद ओढली. कागदावर पांढऱ्या गोल दाण्यांची रांग सांडली. त्यांच्यात एक बारीकशी गोळी.

दाणे खलातल्यासारखेच होते.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि कानापर्यंत गरम झालं. हा कागद तिनं आधीही एकदा पसरला होता. आषाढात, दुकानाच्या काउंटरवर, याच म्हाताऱ्यापुढे.

५

दवाखान्यात फोन करायला तिला दोन मिनिटं लागली.

"विष नाही डॉक्टर. टॅम्सुलोसिन. शेजाऱ्याच्या प्रोस्टेटच्या कॅप्सूलमधले दाणे. कुटलेलं, उपाशीपोटी, वर रक्तदाबाची गोळी. त्यांना गाठीचा त्रास असणार, कोणाला सांगितलेला नाही. उतारा देऊ नका."

डॉक्टर म्हणाल्या, "नळी घातली तर लिटरभर निघालं. बरोबर बसतंय. सलाईन चालू ठेवते."

रामराव आले होते. ओट्याच्या पायरीवर बसून त्यांनी वही मांडीवर घेतली. दीपमाला उकंडाकाकांकडे वळली.

"काका, मी सांगते. चुकलं तर थांबवा. मी तुम्हाला कॅप्सूल उघडून दाखवली होती. म्हणाले होते, यात दोन औषधं आहेत. दाणे वाट सैल करतात, त्यांचा गुण लवकर येतो. गोळी गाठ हळूहळू लहान करते, सहा महिने लागतात. आठवतं?"

उकंडाकाका जमिनीकडे बघत होते.

"तुम्ही दोघं तीस वर्षं जिनिंगच्या एकाच रेच्यावर होता. कापूस घालायचा, रुई इकडं, सरकी तिकडं. कॅप्सूल उघडली की तुम्हाला तेच दिसलं. दोन औषधं, दोन माणसं. रोज उघडायची, दाणे त्यांना, गोळी तुम्हाला. खरं?"

पेपरवाल्या हवालदारानं पान उलटणं थांबवलं.

"वचन देल्लं होतं त्याले," उकंडाकाका म्हणाले. "कोणाले सांगणार नाही म्हून."

"ते वाचतील काका. पण डॉक्टरांना सगळं कळलं पाहिजे."

"वाचते का?"

"हो."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "त्याचं धोतर वलं होय. जिनिंगमंधी असतानाच सुरू झालतं. पोट्टे हसत. मंग त्यानं बाहेर जाणंच सोडलं. दवाखान्यात चाल म्हटलं तं म्हणे, पोराले समजलं तं तो मले घेऊन जाते पुण्याले. तिसऱ्या माळ्यावर ठेवते. म्हणे, म्या काय करू तिथी? बंजारा माणूस, खिडकीत बसून मरू का? म्हून म्या म्हटलं, घे माह्यातलं. आपण काय अर्धं नाही खाल्लं आतालोक?"

"पण दाणेच का दिले त्यांना?" दीपमालाचा आवाज तिलाच बारीक वाटला. "लवकर गुण येणारं औषध तुम्ही स्वतःला का नाही ठेवलं?"

"त्याले तरास जास्त होता," उकंडाकाका म्हणाले, जणू हे विचारण्यासारखंच नव्हतं. "मी थांबू शकतो. तूच सांगतलं ना, सहा महिन्यानं गुण येते."

रामरावांची पेन्सिल चालत नव्हती.

"मंग रविवारी मले सहनच नाही झालं. चिडलो. म्हटलं बस झालं. सहा दिवस अख्खी खाल्ली. झोप लागली बावा. अन् तो भितीच्या पल्याड कण्हे. आज सकाळी गेलो अन् देल्ले दाणे. संध्याकाळी जेवल्यावर घे म्हटलं, नेहमीसारखं. त्याले दम नाही निंघला."

पुढचं दीपमालाला दिसतच होतं. इतके दिवस म्हातारा दाणे रात्री जेवणानंतर पानात कुटून खायचा आणि आडवा व्हायचा. कुटले की सावकाश सुटायचं, रक्तदाबही उतरवणारं औषध एकदम सुटतं, पण पोट भरलेलं आणि अंग खाटेवर, म्हणून निभावलं. आज सहा दिवसांच्या खंडानं शरीराला त्याची सवय राहिली नव्हती. पोट रिकामं. सकाळची रक्तदाबाची गोळी. मोरीत बसले, उठले, आणि डोक्यातलं रक्त पायांत उतरलं.

"म्हणजे घालणारा कोणी नाही," रामराव म्हणाले आणि वही मिटली. "चूक मंग कोणाची लिहू?"

उकंडाकाका म्हणाले, "माही."

"नाही," दीपमाला म्हणाली. "मी त्यांना उघडून दाखवलं. उघडायचं नाही, हे सांगितलं नाही. कुटायचं नाही, चावायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, मधे खंड पडला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नाही. यातलं एकही वाक्य मी बोलले नव्हते. मला चित्र काढायची हौस होती."

रामरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी पाय घसरला लिहितो," ते म्हणाले.

६

दोन दिवसांनी धावजींना पूर्ण शुद्ध आली. तपासण्या झाल्या, गाठ साधीच निघाली, त्यांच्या नावावर त्यांचं स्वतःचं औषध सुरू झालं. खुब्याचं ऑपरेशन मात्र पुण्याला करायचं ठरलं. मुलगा चांगला होता. त्यानं उकंडाकाकांचे हात धरले, माफी मागितली, नलूबाईंचा हिशेब चुकता केला, आणि घराला कुलूप घातलं.

गाडी निघाली तेव्हा धावजी मागच्या सीटवर आडवे होते. उकंडाकाका खिडकीपाशी गेले.

"सांगतलं तू," धावजी म्हणाले.

"सांगतलं."

"मंग बरं झालं." आणि थोड्या वेळानं, "कडी वाजली नाही तं नलूबाई झोपन आता."

गाडी दारव्ह्याच्या रस्त्याला लागली.

त्या महिन्यात दीपमालानं काउंटरला एक कागद चिकटवला. त्यावर चित्र नव्हतं, तेव्हा न सांगितलेली ती वाक्यं होती. खुशीला तिनं सांगितलं, की त्या बारीक गोळीतलं औषध कातडीतूनही आत जातं आणि पोटातल्या मुलाला बाधू शकतं. डबी तिनं स्वतः जाळली. उकंडाकाकांना म्हणाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे औषध आधी सांगा. ते हो म्हणाले. सगळ्याला हो म्हणायचे.

मार्गशीर्षात एका सकाळी ते पुढच्या महिन्याचं औषध घ्यायला आले.

"कसं घेता, काका?"

"जेवण झाल्यावर. अर्ध्या तासानं. रोज त्याच टायमाले. अख्खी." शाळेतल्यासारखं त्यांनी म्हणून दाखवलं. "उठताना जरा बसतो, मंग उभा राह्यतो."

"झोप लागते?"

"लागते ना." पाकीट त्यांनी खिशात ठेवलं. "जाग आली तं आयकत राह्यतो थोडा वेळ. पल्याड काही आवाज नाही येत."

ते बाहेर बाकावर बसले, नेहमीच्या अर्ध्या भागात, आणि टपरीकडे हात केला.

"एक चहा, दोन कप."

सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण टपरीवाल्यानं सवयीनं दोन कप भरले होते. त्यांनी एक उचलला. दुसरा बाकाच्या मोकळ्या भागावर ठेवला, आणि त्याच्यातून निघणाऱ्या वाफेकडे बघत राहिले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दीपमालानं काउंटरची फळी उचलली आणि बाहेर आली. कप हातात घेऊन ती तिथं बसली. उकंडाकाकांनी बिस्कीट मोडलं, दोन्ही तुकडे तळहातावर ठेवून पाहिले, आणि मोठा तुकडा तिच्यापुढे धरला.